शेअर घेण्याआधी धार काढून बघा

मोहोळकर म्हैस घेताना मालकाच्या शब्दावर जात नाही, धार काढून बघतो. संगणक सेवा कंपनीच्या शेअरला मात्र नुसत्या नफ्याच्या आकड्यावर भुलतो.

हैदराबादच्या ‘सत्यम’ने सप्टेंबर २००८च्या तिमाहीत धंद्यातला नफा शेकडा २४ दाखवला, खरा होता शेकडा ३. दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या शिलकेतले ५,०४० कोटी नव्हतेच, अशी कबुली अध्यक्ष रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी दिली. १७९चा शेअर त्याच दिवशी चाळिशीला आला. लेखापरीक्षकांची सही होतीच बरं का!

पण प्रवर्तकांचा हिस्सा घटत चालला होता, डिसेंबरात घरच्याच ‘मेटास’ कंपन्या घेण्याचा घाट घातला होता. हे उघड दिसत होते. तेव्हा अहवालात प्रवर्तकांचा हिस्सा, गहाण शेअर आणि नातलगांशी व्यवहार आधी वाचा. नफ्याचे पान मागून.