उचल आणि वेठबिगारी : कायदा काय सांगतो?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ने वेठबिगारीस मनाई केली आहे. तथापि कर्जापोटी माणसास राबवून घेण्याची प्रथा मोडण्यासाठी स्वतंत्र कायद्याची आवश्यकता भासली आणि वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ संमत झाला. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून अंमलात आला.

या कायद्याचा संबंध आपल्या भागाशीही येतो. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या ऊसतोडणीसाठी बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. पती-पत्नीचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमामार्फत मिळालेली उचल मजुरीतून फेडावयाची असते.

उचल घेणे वा देणे हा गुन्हा नव्हे. परंतु ती फिटली नाही म्हणून मजुरास दुसरीकडे काम करण्याची किंवा निघून जाण्याची मोकळीक उरली नाही, अथवा किमान वेतनाहून कमी दराने राबावे लागले, तर ती वेठबिगारी ठरते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम म्हणजे वेठ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले आहे.

अशा वेळी कायदा मजुराच्या बाजूने उभा राहतो. वेठीचे कर्ज आपोआप रद्द होते व त्याची वसुली स्वीकारणे हाही गुन्हा ठरतो. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते. वेठबिगार राबविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या योजनेत पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व बालकांस दोन लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणी तीन लाख रुपयांची तरतूद आहे.

मात्र मजूर परगावचा आणि कर्जाच्या दडपणाखाली असतो. तो स्वतः कचेरीची पायरी क्वचितच चढतो. म्हणून कन्हेरीसारख्या गावात टोळी उतरली की पंचायत सदस्यांनी कोप्यांवर जाऊन विचारपूस करावी. टोळीतील मूल शाळेऐवजी फडात दिसले, तर शिक्षकांनी त्याच्या घरची चौकशी करावी. संशय येताच तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांना लेखी कळवावे. जिल्हा व उपविभाग या दोन्ही स्तरांवर दक्षता समित्यांची तरतूद कायद्यातच आहे.

कर्ज रद्द करण्याचे काम कायद्याने केले आहे. ते रद्द झाले आहे, हे मजुराच्या कानी घालण्याचे काम गावाचे आहे.