गेम दिसत नाही म्हणजे लॅपटॉप बिघडला का? (लिनक्सवर विंडोजचे गेम आणि ग्राफिक्सच्या अडचणी)



मागच्या सुट्टीत आमच्या नववीतल्या एका विद्यार्थ्याचे वडील लॅपटॉप घेऊन घरी आले. म्हणाले, "सर, ह्याचं ग्राफिक्स गेलंय म्हणे. दुरुस्तीवाला मदरबोर्ड बदलायचे ८००० रुपये सांगतोय. तुम्ही एकदा बघता का?"

लॅपटॉप जुना, सेकंडहँड घेतलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज फार हळू चालतं म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलेलं. मुलाने स्टीमवर 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची २०१३ची आवृत्ती घेतली होती आणि ती उघडत नव्हती.

मी मुलाला विचारलं, "नेमकं काय होतं ते सांग."

"सर, प्ले दाबलं की बटण निळं होतं, स्टॉप असं येतं. थोड्या वेळात परत हिरवं होतं. स्क्रीनवर काहीच नाही."

"आणि यूट्यूब?"

"ते मस्त चालतं."

इथेच निम्मं उत्तर मिळालं. आज हेच समजून घेऊ, कारण ज्या घरात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि मूल गेम खेळतं, तिथे हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

गेम आणि पडदा यांच्यामध्ये कोण कोण असतं?

विंडोजसाठी बनवलेला गेम चित्र काढायला सांगताना बहुतेक वेळा 'डायरेक्टथ्रीडी' ही विंडोजची भाषा वापरतो. लिनक्सला ती भाषा येत नाही. म्हणून मध्ये दुभाषी लागतो. तो मार्ग असा आहे:

१. गेम: डायरेक्टथ्रीडीत सूचना देतो.
२. वाइन किंवा प्रोटॉन: विंडोजच्या सूचना लिनक्सला समजतील अशा करतो. वाइनचं काम १९९३ पासून सुरू आहे. त्यावर आधारलेलं प्रोटॉन व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये स्टीममध्ये आणलं.
३. डीएक्सव्हीके: हा खास चित्रांचा दुभाषी. डायरेक्टथ्रीडीचं 'व्हल्कन' या भाषेत भाषांतर करतो. डायरेक्टथ्रीडी १२ च्या गेमसाठी व्हीकेडीथ्रीडी नावाचा वेगळा दुभाषी असतो.
४. ड्रायव्हर: व्हल्कनमधली सूचना ग्राफिक्स चिपपर्यंत पोचवतो.
५. चिप आणि पडदा: प्रत्यक्ष वस्तू.

पाचपैकी एकच भाग हा पैसे देऊन बदलायची वस्तू आहे. बाकी चार सॉफ्टवेअर आहेत, आणि ते फुकटात दुरुस्त होऊ शकतात. म्हणून तपासणी खालून वर करायची. आधी चिप, मग ड्रायव्हर, मग दुभाषी आणि शेवटी गेम.

पायरी १: चिप खरंच खराब आहे का?

लॅपटॉप बंद करून चालू करा. सुरुवातीला कंपनीचं चिन्ह येतं तेव्हाच रेघा, ठिपके किंवा विचित्र रंग दिसले, तर दोष वस्तूत असू शकतो. कारण त्या क्षणी लिनक्स सुरूच झालेलं नसतं. पण चिन्ह स्वच्छ, डेस्कटॉप स्वच्छ, व्हिडिओ स्वच्छ आणि फक्त गेममध्येच गोंधळ असेल, तर मदरबोर्ड बदलायची घाई करू नका.

पायरी २: ड्रायव्हर लागला आहे का?

लिनक्स मिंटमध्ये 'सिस्टिम रिपोर्ट्स' उघडा आणि त्यात 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' बघा. 'ग्राफिक्स' या भागात चिपचं आणि ड्रायव्हरचं नाव असतं. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी 'एलएलव्हीएमपाइप' असं नाव दिसलं, तर चिप कामच करत नाहीये. सगळी चित्रं प्रोसेसर एकटा काढतोय. अशा वेळी गेम उघडला तरी गोगलगायीसारखा चालतो.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात, त्यामुळे सगळे अपडेट करून घेतले की बहुतेकदा भागतं. एनव्हिडियाची चिप असेल तर मिंटमधल्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये जाऊन शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा. उबुंटूत हेच 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मध्ये मिळतं.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी चालू करताना निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. आपण घाबरून नुसतं पुढे गेलो, तर ड्रायव्हर टाकूनही तो चालू होत नाही.

दोन चिप असलेले लॅपटॉपही असतात, एक इंटेल किंवा एएमडीची आणि एक एनव्हिडियाची. तिथे गेम भलत्याच चिपवर चालत असेल, तर बिघाड काहीच नसतो, फक्त निवड चुकलेली असते.

पायरी ३: व्हल्कन चालतं का?

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'व्हल्कन टूल्स' घ्या. मग टर्मिनल उघडून 'व्हीकेक्यूब' ही आज्ञा द्या. इंग्रजी छोटी अक्षरं व्ही, के, सी, यू, बी, ई अशी सलग लिहायची. पडद्यावर फिरणारा ठोकळा आला पाहिजे. ठोकळा फिरला म्हणून लगेच खूश होऊ नका, टर्मिनलमध्ये उमटलेल्या ओळीही वाचा. कोणती चिप वापरली ते तिथे लिहिलेलं असतं. तिथेही एलएलव्हीएमपाइप असेल, तर परत पायरी २.

आमच्या मुलाच्या लॅपटॉपवर ठोकळा छान फिरत होता. पण टर्मिनलमध्ये एक इशारा होता: या पिढीच्या चिपसाठी व्हल्कनचा आधार अपुरा आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या चिपचं हे नेहमीचं दुखणं आहे.

पायरी ४: दुभाषी जुळतो का?

२०२२ मध्ये डीएक्सव्हीकेची दुसरी मालिका आली. तिला व्हल्कन १.३ लागतं. प्रोटॉन ८ पासून हीच मालिका वापरली जाते. इंटेलची चौथी पिढी व्हल्कन १.३ पर्यंत पोचत नाही. म्हणजे चिप ठीक, ड्रायव्हर ठीक, गेमही ठीक. फक्त दुभाषी इतका नवा, की त्याची भाषा जुन्या चिपला पूर्ण कळत नव्हती!

उपाय सोपा. स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'कम्पॅटिबिलिटी'. तिथल्या चौकटीत खूण करून यादीतून प्रोटॉन ७.० निवडलं. प्ले दाबलं. थोडा वेळ काळा पडदा आणि मग गेमचा मुख्य पडदा! मुलाचे वडील नुसतेच हसले.

गेम स्टीमबाहेरचा असेल आणि 'लुट्रिस'मधून चालवत असाल, तर त्याच्या सेटिंगमध्ये डीएक्सव्हीके बंद करता येतं. मग वाइनचा स्वतःचा जुना दुभाषी काम करतो. तो व्हल्कनऐवजी ओपनजीएल वापरतो. वेग थोडा कमी मिळतो, पण जुन्या गेमना बऱ्याचदा पुरतो.

ग्राफिक्सच्या वाटतात, पण नसतात अशा तक्रारी

• पहिली काही मिनिटं गेम अडखळतो, मग सुरळीत चालतो: चिपसाठीचे छोटे प्रोग्रॅम त्या वेळी पहिल्यांदा तयार होत असतात. थोडं खेळू द्या.
• सुरुवातीला छान, अर्ध्या तासाने मंद: लॅपटॉप तापतोय. गादीवर ठेवू नका, पंख्यातली धूळ काढा, चार्जर लावा.
• गोष्टीच्या व्हिडिओऐवजी रंगीत पट्टे दिसतात: त्या व्हिडिओचा प्रकार प्रोटॉनला वाचता आला नाही. प्रोटॉनची दुसरी आवृत्ती वापरून बघा.
• अक्षरांच्या जागी चौकोन: विंडोजचे फाँट नाहीत.
• नवे गेम चालतात, पण जुना उघडतच नाही: जुने गेम बहुधा ३२ बिटचे असतात. ड्रायव्हरचा ३२ बिटचा भाग टाकलेला नसेल.
• गेम ऑनलाइन आहे आणि आत घेतच नाही: काही गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा लिनक्स स्वीकारत नाही. वेलोरंट, फोर्टनाइट ही त्यांची उदाहरणं. इथे आपल्या हातात काही नाही. मुलाला तसं स्पष्ट सांगावं, उगाच रात्रभर खटपट नको.

कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो याचे वापरणाऱ्यांचे अनुभव 'प्रोटॉनडीबी'वर मिळतात. गेम विकत घेण्याआधीच तिथे बघितलेलं बरं. अनुभव वाचताना आपल्यासारखी चिप असलेल्या माणसाचाच वाचावा.

एका वेळी एकच बदल

सगळ्यात महत्त्वाचा नियम हा. मुलं काय करतात? एखादा व्हिडिओ बघून ड्रायव्हर बदलतात, प्रोटॉन बदलतात, गेमच्या सेटिंग बदलतात, सगळं एकदम. मग चाललं तरी का चाललं ते कळत नाही, आणि बिघडलं तरी का बिघडलं ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच घटक बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. इथेही तेच.

त्या मुलाला मी वहीत तीन रकाने आखायला सांगितले: काय बदललं, काय दिसलं, पुढे काय. त्याची पहिली ओळ होती, "यूट्यूब चालू, गेम बंद." दुसरी, "ठोकळा फिरतो, पण इशारा येतो." तिसरी, "प्रोटॉन ७ निवडलं, गेम चालू." नववीच्या मुलाने केलेलं हे निरीक्षण, अनुमान आणि पडताळणी आहे, आणि तेही मनापासून केलेलं.

पालकांना एवढीच विनंती. मूल "गेम चालत नाही" म्हणालं की लगेच दुकानात धावू नका आणि "बरं झालं, आता अभ्यास कर" असंही म्हणू नका. आधी विचारा, "नेमकं काय दिसतं?" वरच्या चार पायऱ्या त्याच्यासोबत बसून करा. चिप खरंच गेली असेल तर तेही कळेल, आणि मग खर्च करताना मनात शंका राहणार नाही.