दमिश्कच्या तलवारीचे लोखंड आपल्या शेजारचे

परभणीवरून जाणाऱ्या कल्याण-निर्मळ महामार्गाचे नाव आपल्या रोजच्या तोंडात आहे. पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर, भैंसा आणि शेवटी निर्मळ. त्यातले कल्याण सर्वांना ठाऊक असते. निर्मळ म्हटले तर फार तर लाकडी खेळणी आठवतात. पण एके काळी इराणचे व्यापारी समुद्र ओलांडून याच मुलखात येत, आणि ते खेळण्यांसाठी येत नसत. ते येत पोलादासाठी.

‘पोलाद’ हा मराठी शब्द आणि उर्दूतला ‘फौलाद’ हे एकाच घरचे. दोन्ही फारसीतून आले. आपली ‘समशेर’ म्हणजे फारसी ‘शमशीर’. शब्द तिकडून इकडे आले, माल मात्र इकडून तिकडे जात होता. अरबीत तर हिंदी पोलादाच्या तलवारीला ‘मुहन्नद’ असे वेगळे नावच आहे. हजरत काब बिन जुहैर (रजि.) यांनी रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्यासमोर जो प्रसिद्ध कसीदा सादर केला, त्यात हा शब्द येतो. म्हणजे मदिनेच्या लोकांना हिंदची तलवार अनोळखी नव्हती. पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने तलवारींवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. अल-बिरुनीनेही रत्ने आणि धातूंवरच्या आपल्या ग्रंथात हिंदी तलवारींची चर्चा केली आहे.

कुरआनात लोखंडाच्या नावाने एक पूर्ण सूरह आहे: सत्तावन्नावी, अल-हदीद. तिच्या पंचविसाव्या आयतीत लोखंडाची ताकद आणि माणसांसाठी त्याचे फायदे यांचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत न्यायाच्या तराजूचाही. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले, हे आपण मुलांना सांगतोच. पण ते लोखंड जमिनीत असते कसे, आणि आपल्याच जमिनीत ते का काढत नाहीत, हा प्रश्न मुलांनी विचारला तर काय सांगायचे?

आपल्या पोखर्णीची काळी माती घ्या. विहीर खणताना लागणारा काळा पाषाण घ्या. तो बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरावर थर वाहिला आणि सारा मराठवाडा त्याखाली गेला. या खडकात लोखंड आहे, अगदी दहा टक्क्यांच्या आसपास. पाऊस पडून गेल्यावर ओढ्याच्या वाळूतून एक चुंबक फिरवून पाहा, काळे बारीक कण त्याला चिकटतील. तरीही इथे खाण होत नाही, कारण बहुतेक लोखंड इतर खनिजांत असे बांधले गेले आहे की ते वेगळे काढण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीपेक्षा जास्त पडेल. पिठात मीठ आहे म्हणून कोणी पिठातून मीठ काढत बसत नाही.

आता याच रस्त्याने पूर्वेकडे चला. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली भागात काळा पाषाण संपतो आणि गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोटे दिसू लागतात. हा खडक तिथेच आहे असे नाही. तो आपल्या पायाखालीही आहे, फक्त लाव्ह्याने झाकलेला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट संपल्यावर हाच जुना खडक लागला. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. त्या काळी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेले होते. पुढे ते तळाशी थराथराने साचत गेले: एक पट्टा लोखंडाचा, एक गारगोटीचा. जमिनीच्या उष्णतेने आणि दाबाने हे थर भाजून निघाले आणि त्यांतले लोखंड मॅग्नेटाइट झाले. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोखंड 72 टक्के असते. उत्तर तेलंगणाच्या डोंगरांत या पट्ट्यांचे तुकडे ठिकठिकाणी उरले आहेत.

निर्मळच्या पूर्वेला दिम्मदुर्ती नावाचे गाव आहे. तिथले खनिज याच जातीचे. खाण म्हटले की आपल्याला खोल बोगदा किंवा डोंगर पोखरणारी यंत्रे आठवतात. तसे इथे काही नव्हते. ऊन-पावसाने भुसभुशीत झालेला खडक वरवर खणायचा, फोडायचा, कुटायचा आणि पाण्यात धुवायचा. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाई, जड काळे कण खाली राहत. सुपात धान्य पाखडावे तसे हे काम.

हे कण लोणारी कोळशाबरोबर मातीच्या लहान भट्टीत घालून भाता चालवला, की लोखंड वितळत नसे. त्याचा सच्छिद्र गोळा होई. तो घणाने ठोकून मळी काढली की नांगराच्या फाळापुरते लोखंड तयार होई. असे लोखंड हिंदुस्थानात शेकडो गावांत बनत होते. इराणी व्यापारी येत ते त्याच्या पुढच्या कामासाठी, आणि ते काम चाले गोदावरीच्या दक्षिणेला, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावात. जवळचे गाव कम्मरपल्ली. तेलुगूत ‘कम्मरी’ म्हणजे लोहार.

हेन्री व्हॉयसी हा सर्वेक्षण खात्याचा डॉक्टर आणि भूगर्भशास्त्रज्ञ कोनासमुद्रमला गेला होता. तो 1824 मध्ये वारला. त्याचे टिपण 1832 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. दोन वेगवेगळ्या गावांचे लोखंड एकत्र करून मातीच्या मुशीत घालायचे, तोंड मातीने लिंपायचे आणि भट्टी दिवस-रात्र धगधगती ठेवायची. आत कार्बन लोखंडात मुरतो. दीड टक्का कार्बन मुरला की लोखंडाचा वितळबिंदू शंभरेक अंशांनी उतरतो, आणि जे साध्या भट्टीत वितळत नाही ते मुशीत पाण्यासारखे होते. मग ते सावकाश थंड करायचे. घाई केली तर वडी ठिसूळ होते. त्याच भट्ट्यांवर व्हॉयसीला इराणी व्यापारी भेटले. आपल्या मुलखात हे पोलाद करून पाहण्याचे प्रयत्न फसले, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून इतक्या लांबून येणे त्यांना परवडत होते.

त्याआधी दीडेकशे वर्षे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने लिहून ठेवले आहे की ज्या पोलादावर लाटांसारखी नक्षी उमटते ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. एक वडी दोन भाग करून विकतात आणि अर्ध्या वडीची एक तलवार होते. औरंगाबादहून गोवळकोंड्याला जाणारा त्या काळचा रस्ता आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातून, नांदेडवरून जात होता. युरोपच्या लोकांनी या तलवारी शामच्या बाजारात पाहिल्या आणि नाव पडले दमिश्कचे. बाजाराचे नाव राहिले, भट्टीचे गेले. मला या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते. आपण अभिमानाने मुलांना दमिश्कच्या तलवारीचे किस्से सांगतो. शेजारच्या जिल्ह्यात खडक कुटणाऱ्या माणसाचे नाव आपल्यालाही ठाऊक नसते.

इंग्लंडात या वडीला ‘वूट्झ’ म्हणत. हा शब्द बहुधा दक्षिणेकडच्या ‘उक्कु’चा अपभ्रंश. विजेच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेला मायकेल फॅरडे हा लोहाराचाच मुलगा. 1820 च्या सुमारास त्याने या पोलादावर प्रयोग केले आणि ते तसेच बनवण्याची खटपट केली. शेफील्डमध्ये मुशीतले पोलाद 1740 नंतर सुरू झाले होतेच. ते स्वस्त झाले, तलवारीची जागा बंदुकीने घेतली, आणि निजामाच्या राज्यातल्या या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात विझत गेल्या.

अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन यांनी 1998 मध्ये एक वेगळे कारण मांडले. आल्फ्रेड पेंड्रे या लोहाराबरोबर त्यांनी नक्षीचे पोलाद पुन्हा घडवून दाखवले. त्यांच्या मते नक्षी उमटण्यासाठी लोखंडात व्हॅनेडियमसारखे धातू अगदी थोडे, हजारात एका भागाहूनही कमी, असावे लागतात. ते लोहार टाकत नव्हता. ते खनिजातच असत. तशा खाणी संपल्या आणि नवे खनिज वेगळे निघाले, तेव्हा बाप-आजाची पद्धत तंतोतंत पाळूनही नक्षी उमटेना. मला हे कारण पटते, पण एकटे पुरेसे वाटत नाही. व्हॉयसीच्या काळापर्यंत इराणी गिऱ्हाईक कोनासमुद्रमला येतच होते. निदान त्या गावापुरता माल बिघडला नव्हता. तिथे आधी संपले ते गिऱ्हाईक, असे दिसते. आणि गिऱ्हाईक गेल्यावर लोहाराने मुलाला हे काम शिकवायचे कशाला?

जर्मनीत ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांना 2006 मध्ये अशा एका जुन्या तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. त्या मानाने 2010 मध्ये बंगळुरूच्या आणि इंग्लंडातल्या एक्सेटरच्या अभ्यासकांनी उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून जुन्या भट्ट्यांच्या जागा नोंदवल्या, त्याची बातमी आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. त्यांच्या आधी थेल्मा लोव यांनी 1980 च्या दशकात कोनासमुद्रमच्या फुटक्या मुशी तपासल्या होत्या. मुशीच्या मातीत भाताचा कोंडा मळलेला होता. आगीत कोंडा जळून जातो, पण त्यातली सिलिका राहते आणि मूस जास्त उष्णता सोसते. पोलाद इराणला गेले, तलवारी संग्रहालयांत आहेत; कोंड्याचे ठसे असलेली ती खापरे मात्र त्या गावाच्या मातीतच राहिली.