आदिलाबादचा पळसबहर : वसंतातील चार दिवसांची मित्रसहल

मार्च उजाडला की समाजमाध्यमांवर जपानमधील चेरीच्या बहराची छायाचित्रे झळकू लागतात. चार जिवलग मित्रांनी एकत्र यावे, एखादे शहर मुक्कामाला धरावे आणि फुललेल्या झाडांखाली दोन दिवस घालवावेत, ही कल्पना आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. काहीजण त्यासाठी शिलाँग गाठतात. मात्र तेथील हिमालयीन चेरी नोव्हेंबरात फुलते. ऐन वसंतात, होळीच्या सुमारास, भारतीय भूमीवर असा बहर पाहायचा असेल तर डोळ्यांसमोर यावे ते झाड म्हणजे पळस. आणि तो मनसोक्त पाहण्यासाठी ज्या जागा आहेत, त्यांत तेलंगणाच्या उत्तर टोकाचा आदिलाबाद जिल्हा अग्रभागी आहे. गोव्यातील मराठी माणसाला तेथे भाषेची अडचणही फारशी जाणवत नाही.

सीमेवरचे शहर

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडतो आणि महाराष्ट्र संपून आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. नदी ही राज्याची सीमा असली, तरी भाषेची सीमा तिने कधीच मानली नाही. आदिलाबादच्या बाजारपेठेत तेलुगू, उर्दू आणि मराठी सहज एकमेकींत मिसळतात. खेड्यापाड्यांत गोंडी, कोलामी आणि लंबाडी ऐकू येते. पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एदलाबाद हे शहराचे जुने नाव विजापूरच्या आदिलशाहीवरून पडले, असे सांगतात. हीच आदिलशाही १५१० पर्यंत गोव्यावरही सत्ता गाजवीत होती, हा दुवा गोमंतकीय प्रवाशाला मौजेचा वाटेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या विस्तीर्ण जिल्ह्याचे चार भाग झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद.

गोव्याहून हैदराबादला विमानाने किंवा रेल्वेने जाता येते. तेथून आदिलाबाद रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर, तर नागपूरकडून साधारण २०० किलोमीटर आहे. मुंबईहून नांदेड, किनवटमार्गे येणारी नंदीग्राम एक्स्प्रेसही सोयीची ठरते. चौघा-पाचजणांनी मिळून एक गाडी केली तर खर्च वाटला जातो आणि वाटेत हवे तेथे थांबता येते. या सहलीत थांबणे हेच मुख्य काम आहे.

पानाआधी फूल का?

पळस हा पानझडी वनातील वृक्ष. हिवाळा सरता सरता त्याची पाने गळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे घोस येतात. यामागे निसर्गाचा साधा हिशेब आहे. पळसाच्या फुलाला सुगंध जवळजवळ नाही. त्याचे परागीभवन मुख्यतः पक्षी करतात. पक्ष्यांना गंधापेक्षा रंग खुणावतो. आड येणारी पाने नसल्यामुळे हा रंग दुरून दिसतो आणि सूर्यपक्षी, मैना, बुलबुल मधासाठी झाडावर गर्दी करतात. कळीचा आकार पोपटाच्या चोचीसारखा असल्यामुळे संस्कृतात या वृक्षाला ‘किंशुक’ म्हणतात. ‘हा शुक तर नव्हे?’ असा प्रश्नच त्या नावात दडला आहे. पाने त्रिदली असल्याने ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मराठीत रूढ झाली.

चेरी आणि पळस यांतील एक भेद सहलीची आखणी करताना फार उपयोगी पडतो. जपानमधील शहरांत सर्वाधिक दिसणारी ‘सोमेई योशिनो’ ही चेरी कलम करून वाढवलेली आहे. लाखो झाडे एकाच वाणाची, जनुकीयदृष्ट्या एकसारखी. त्यामुळे एका परिसरातील सारी झाडे जवळजवळ एकाच वेळी फुलतात आणि आठवड्याभरात रिती होतात. म्हणूनच तेथे बहराचे अंदाज वर्तवले जातात. क्योतोमधील बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या आहेत. २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर त्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरच्या बहरांपैकी होता.

पळसाचे तसे नाही. रानातला पळस बियांपासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा. एक झाड लालबुंद पेटलेले, शेजारचे नुसते कळ्यांनी काळसर, तर तिसऱ्याखाली फुलांचा सडा पडून फांद्यांना शेंगा धरलेल्या. परिणामी रानाचा बहर अनेक आठवडे टिकतो. मित्रांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, ही अशा सहलींची नेहमीची रड. पळस निदान एवढी सवलत देतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कोणताही शनिवार-रविवार धरला, तरी सहसा रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.

काय पाहावे

आदिलाबाद शहरात मुक्काम ठेवून दोन दिशांना जाता येते. पहिली दिशा महामार्गाने दक्षिणेची. नेरेडिगोंडा परिसरात कडेम नदीवरचा कुंतला धबधबा आहे. सुमारे दीडशे फूट उंचीचा हा प्रपात शकुंतलेच्या कथेशी जोडला जातो. वसंतात त्याची धार बारीक होते, हे मनात धरूनच जावे. उघड्या पडलेल्या कातळांवरून घसरण्याचा धोका मोठा असल्याने डोहात उतरण्याचा मोह टाळावा. जवळचा पोचेरा धबधबाही याच फेरीत पाहून होतो.

दुसरी दिशा इंद्रवेल्ली आणि उटनूरची. हा गोंड समाजाचा मुलूख. वाटेत केसलापूर लागते. पौष अमावास्येला येथे मेसराम कुळाच्या पुढाकाराने नागोबाची मोठी जत्रा भरते. इंद्रवेल्लीला एक स्मृतिस्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या आदिवासींवर येथे पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३ होता. इतर अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. तेलुगूत पळसाला ‘मोदुगु’ म्हणतात आणि दाशरथी रंगाचार्य यांनी तेलंगणाच्या संघर्षावरील आपल्या कादंबरीला ‘मोदुगु पूलु’, म्हणजे पळसफुले, हेच नाव दिले. या भूमीत तांबड्या फुलाला असा दुसरा अर्थही आहे. स्तंभापाशी घटकाभर शांत उभे राहिल्याशिवाय ही सहल पुरी होत नाही.

झाड का टिकले, का जाईल

तेलंगणाचे राज्यपुष्प तंगेडू, म्हणजे आपला तरवड. पळसाला असा मान नाही, त्याच्यासाठी बागा राखलेल्या नाहीत. तरीही तो शेताच्या बांधांवर, माळरानावर, रस्त्याकडेला टिकला, याचे कारण त्याचा उपयोग. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, मुळांच्या सालीचे दोर, औषधी डिंक, फांद्यांवर वाढणारे लाखेचे किडे आणि होळीसाठी फुलांचा रंग: एका झाडाने घराच्या किती गरजा भागवाव्यात! पत्रावळीची जागा प्लास्टिकच्या ताटलीने घेतली, दोराची जागा नायलॉनने आणि रंगाची जागा रासायनिक भुकटीने. कापसाचे शेत वाढवताना बांधावरचे झाड मग केवळ अडथळा उरते. चेरी जपानमध्ये शोभेसाठी लावली गेली. पळस कामासाठी राखला गेला. काम संपले की राखण संपते, हा त्याच्यापुढील खरा धोका आहे.

पाहुण्यांनी त्यात भर घालू नये. छायाचित्रासाठी फांद्या तोडू नयेत. खाली पडलेली फुले हवी तेवढी असतात. हाच वणव्यांचा हंगाम आहे, म्हणून रानात विस्तव किंवा पेटती विडी टाकू नये. मार्चमध्ये पहाटे मोहाची फुले वेचणारी कुटुंबे दिसतील. ती त्यांची वर्षाची कमाई असते. त्या झाडाखाली गाडी लावू नये, माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. विचारण्यासाठी मराठी बहुधा पुरते.

परतताना पडलेल्या फुलांची एक पिशवी बरोबर आणावी. पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजवल्या किंवा मंद उकळल्या की पिवळसर केशरी रंग उतरतो. चिमूटभर चुना घातला की तो गडद होतो. गोव्यात शिगमोचे ढोल वाजू लागतात तेव्हा हा रंग कामी येईल.

जपानी माणूस फुललेल्या चेरीखाली मित्रांसह जेवायला बसतो. त्या प्रथेला तेथे ‘हानामी’ म्हणतात. आदिलाबादेत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पळसाच्या पानांची पत्रावळ एवढे जमले तरी तोच आनंद मिळतो. शिवाय पत्रावळ गावातल्याच कुणाकडून विकत घेतली असेल, तर बांधावरचे ते झाड राखायला त्या घराला आणखी एक कारण मिळते.