बांध मोजले, पाणी कोण मोजणार?

पाणलोटाच्या कामांचा आपल्याकडचा उत्साह दांडगा. 1972च्या दुष्काळानंतरचे नालाबांध, राळेगणसिद्धी, विलासराव साळुंखे यांची नायगावची पाणी पंचायत, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, 2014च्या डिसेंबरात आलेलं जलयुक्त शिवार, 2016पासून वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेची श्रमदानं. दर खेपेला चर किती मीटर खणले, गाळ किती घनमीटर उपसला याचा हिशेब चोख. पाण्याचं पुढे काय झालं, तिथे मात्र वही कोरी. जलयुक्त शिवारवर 9,633 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढायला फारसा हातभार लागला नाही, असं महालेखापरीक्षकांच्या 2020 साली विधिमंडळात मांडलेल्या अहवालात आलं. त्यावरून राजकारण रंगायचं ते रंगलं. मला त्यातला साधा प्रश्न मोठा वाटतो: हातभार लागला की नाही, हे ठरवायचं कशावरून?

मोजणीची व्यवस्थाच नाही, असं म्हणता येणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं राज्याचे दीड हजारांवर पाणलोट आखले आहेत आणि चार हजारांच्या आसपास निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा घेतली जाते. काम दिसायला सोपं: टेप सोडायची, पाणी लागलं की आकडा वाचायचा. पण कठड्याची उंची वजा करायला विसरलं की दोन-तीन फुटांचा फरक तिथेच पडतो. रात्रभर मोटर चालली असेल, तर सकाळी दिसते ती उपशानं खाली गेलेली पातळी. झरे पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. त्यात गावकरी तळापासून मोजून ‘दोन परस पाणी आहे’ म्हणतात, तर यंत्रणा जमिनीपासून पाणी किती खाली ते लिहिते. विहिरीतला गाळ काढला, तर गावाचं पाणी वाढतं आणि यंत्रणेचा आकडा जागचा हलत नाही.

आकडा बरोबर आला तरी तो वाचायला खडक माहीत असावा लागतो. राज्याच्या जवळपास चार-पंचमांश भागाखाली बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांतून आणि मुरमातून प्रत्यक्ष हाती येणारं पाणी आकारमानाच्या शंभरात जेमतेम एक ते तीन भाग. दोन धरले, तर 100 मिलिमीटर पाणी मुरताच विहीर पाच मीटर चढते! सप्टेंबरात काठोकाठ भरलेल्या विहिरीचे फोटो म्हणूनच मला फारसे पटत नाहीत. चढली तशीच ती उतरतेही. खरी परीक्षा मार्चच्या आकड्याची, आणि तोही तितक्याच पावसाच्या जुन्या वर्षाशी आणि काम न झालेल्या शेजारच्या पाणलोटाशी ताडून पाहायचा.

ओढ्याचा प्रवाह मोजायचा तर आपल्याकडे आनंदीआनंद. मोठ्या नद्यांवर केंद्रं आहेत. गावच्या ओढ्याकडे कोण बघतो? साधन तसं स्वस्त आहे. ओढ्यात आडवी फळी, तिला काटकोनी खाच आणि शेजारी पट्टी. खाचेच्या टोकावरून 10 सेंटीमीटर पाणी चढलेलं असेल, तर सेकंदाला सव्वाचार लिटरांहून थोडं जास्त वाहतं. 20 सेंटीमीटर झालं की दुप्पट नाही, साडेपाच पटींच्या वर जातं, म्हणजे जवळपास 25 लिटर. पाऊस थांबल्यावर ही पट्टी किती आठवडे ओली राहते, ते लिहून ठेवलं तरी बरंच कळतं. हे टिपण अडचणीचंही ठरतं. वरच्या गावानं अडवलेलं पाणी खालच्या गावाच्या ओढ्यातून कमी होऊ शकतं, आणि शिवाराच्या हद्दीत मोजणाऱ्याला ते दिसतच नाही. पट्टी हवी पाणलोटाच्या तोंडाशी.

गुणवत्तेचं खातं तर वेगळ्याच टेबलावर. गावात जलसुरक्षक जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतो, स्रोताच्या तपासणीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, जीवाणू तपासायच्या बाटलीतलं पाणी दूषित असेल तर दिवस-दोन दिवसांत काळं पडतं. नायट्रेट मात्र ना वासाला कळतं ना चवीला. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की आधी दातांवर दिसतं, मग हाडं धरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांनी हे भोगलं आहे. पातळी खाली गेली की बोअर खोल जाते आणि खोलवरच्या पाण्यात फ्लोराइड अनेकदा वाढतं. पातळीची वही आणि तपासणीचा कागद शेजारी ठेवले, तरच हे दिसतं. उलटा दाखला पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा. अकोला, अमरावती, बुलडाण्यात विहिरीत पाणी दिसतं, पण प्यायला नको आणि पिकालाही नको. तिथे नुसती पातळी पाहून पाठ थोपटणं व्यर्थ.

हिवरेबाजारचं नाव आदर्श गावांच्या यादीत सगळेच घेतात. माझ्या लेखी तिथली झाडं आणि बंधारे दुसऱ्या क्रमांकावर. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी घेतात आणि 2004पासून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं नि जनावरांचं पाणी बाजूला, उरेल त्यावर रब्बीचं ठरतं. शेतीसाठी बोअर बंद. मोजणारा आणि पेरणारा एकच असल्यामुळे तिथे आकड्याला धार आहे.

बाकी ठिकाणी मोजणीत बोअरनंच घोळ केला आहे. निरीक्षण विहिरी बहुतेक जुन्या, खोदलेल्या, वरच्या थराच्या. उपसा मात्र तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येणाऱ्या रिगांनी (बोअर पाडणाऱ्या यंत्रांनी) पाडलेल्या चार-पाचशे फुटी बोअरमधून. 2009च्या भूजल कायद्यानं 60 मीटरच्या पुढची विहीर ‘खोल’ ठरवून तिच्यावर बंधनं घातली, पण शिवारात रिग आली की ती किती खाली गेली हे मोजायला कोण उभं राहतं? 2019च्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या निवडक गावांत पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजायच्या बोअर, बसवायचं ठरलं, ही जमेची बाजू. खालच्या थराची पातळी त्यामुळे निदान कळू शकते. उपशाचा हिशेब मात्र अजून विहिरींची संख्या गुणिले सरासरी उपसा असाच मांडला जातो, आणि नोंद नसलेल्या बोअर त्या गुणाकारात येत नाहीत.