टू-स्ट्रोक मोटारसायकल इंजिनातील बिघाडाचे निदान

इंजिन सुरू न होणे, अडखळणे, ओढ कमी होणे किंवा अति तापणे या लक्षणांवरून टू-स्ट्रोक (द्विधाव) इंजिनातील मूळ दोष क्रमाने शोधण्याच्या पद्धतीस निदान म्हणतात. यामाहा आरएक्स १०० व कावासाकी बजाज केबी १०० या मोटारसायकली, तसेच बजाज चेतक स्कूटर (१९७२ पासून) अशा इंजिनावर चालत.

कार्यपद्धती
दट्ट्याच्या दोन धावांत, म्हणजे क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात, कार्यचक्र पूर्ण होते. हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि तेथे दाबले जाऊन सिलिंडरमध्ये जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद असणे अत्यावश्यक असते.

स्पार्क प्लगची तपासणी
प्रथम ठिणगी पडते का, हे पाहतात. त्यानंतर प्लगच्या टोकाचा रंग तपासतात. फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवतो. कोरडी काळी काजळी पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे, तर पांढरे टोक ते कमी असल्याचे लक्षण असते. पेट्रोलमध्ये तेल वाढवल्यास जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण घटते. त्यामुळे मिश्रण आणखी विरळ होते.

हवेची गळती
क्रँकशाफ्टच्या मॅग्नेटोकडील ऑइल सील झिजल्यास बाहेरची हवा आत शिरते. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही व इंजिन तापते. क्लचकडील सील झिजल्यास गिअर ऑइल आत ओढले जाते; पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी घटते. गळती न शोधता केवळ कार्ब्युरेटर जुळवल्यास दोष तात्पुरता झाकला जातो. पुढे विरळ मिश्रणामुळे दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. चालत्या गाडीत असे झाल्यास मागचे चाक अडकून अपघाताचा धोका असतो. म्हणून कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी सील व सांधे तपासणे इष्ट ठरते.

इतर कारणे
सायलेन्सरमध्ये कार्बन साचल्यास धूर बाहेर पडण्यास अडथळा होतो. इंजिन मंद गतीत ठीक चालते, परंतु वेग घेत नाही. मुंबईच्या गोरेगावसारख्या उपनगरांत पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते. अशा पाण्यातून गेल्यावर गाडी बंद पडल्यास प्लगची टोपी, एअर फिल्टर व कार्ब्युरेटरच्या तळाच्या कप्प्यात पाणी शिरले आहे का, हे आधी पाहतात.