एका वर्षाचा वाचननेम

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही पेन्शनर मंडळी संध्याकाळी बागेत जमलो, तेव्हा एका स्नेह्याने सहज विचारले, ‘‘अभिजात ते खरेच, पण त्यातले आपण वाचले आहे किती?’’ बाकावरचे सगळेच खाली वाकून चपला शोधू लागले!

घरी येऊन मी नेम धरला. चातुर्मासात बायका धरतात ना, तसाच. दसऱ्याला सरस्वती मांडायची आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत रोज दोन तास जुने मराठी वाचायचे. अट एकच. पुस्तकाविषयीचे पुस्तक वाचायचे नाही, पुस्तकच वाचायचे. यादी दहांची केली. लीळाचरित्राला एक महिना, ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा यांना दोन दोन, आणि उरलेल्या सात पुस्तकांना एकेक.

लीळाचरित्राची मला धास्ती होती. तेराव्या शतकातले गद्य! पण आठ दिवसांत कान सरावला. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी भक्तांना विचारून विचारून गोळा केल्या. त्यामुळे वाक्ये लहान आणि बोलण्यातली आहेत. त्यात महदाइसा भेटते. ती स्वामींना प्रश्नावर प्रश्न विचारते आणि तिला उत्तरे मिळतात. ही बाई मनात घर करून राहिली.

ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इ. स. 1290 ची. ओव्या सुमारे नऊ हजार. रोज दीडशेचा हिशेब बसवला. मनात वाचू गेलो तर अडखळत होतो, मोठ्याने वाचू लागलो तेव्हा अर्थ आपोआप उलगडू लागला. ओवी कानासाठीच आहे. गाथेला तर ही युक्तीही लागली नाही; निम्मे अभंग भजनांतून आधीच ओळखीचे होते.

पुढे विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. वरसईचा हा भिक्षुक 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला, झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला आणि खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे पुस्तक मी तीन रात्रींत संपवले.

पण या वर्षाचे खरे देणे त्यानंतरच्या पाच पुस्तकांत होते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (1857), ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (1882), हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो!’, रमाबाई रानड्यांच्या आठवणी (1910) आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ही ओळीने वाचावीत. पदमनजी गावोगावच्या विधवांची दुःखे दाखवतात. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने बुलढाण्याच्या ताराबाई सगळ्या पुरुषजातीला जाब विचारतात. हरिभाऊंची यमू स्वतःच बोलू लागते. रमाबाई नवऱ्याकडून शिकतात म्हणून घरातल्याच बायका त्यांना छळतात. आणि लक्ष्मीबाई? त्या सगळे सोसून वर आपल्याला हसवतात!

यमूच्या केशवपनाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरी माझ्या लहानपणी आजोबांची बहीण होती. लाल आलवण, डोईवरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, मागच्या सोप्यात पापड लाटणे. सारे घर तिला आत्याबाई म्हणे. तिच्या वपनाचाही असा एक दिवस असणार, हे यमूने मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या बहिणीला फोन केला. ती लहानपणी आत्याबाईच्या कुशीत निजत असे. ताई बराच वेळ बोलली. नवव्या वर्षी विधवा झालेली ती मुलगी भिंतीवर कोळशाने अक्षरे गिरवून वाचायला शिकली होती आणि दुपारी दार लोटून पोथी वाचत असे. अखेर ताईने तिचे माहेरचे नाव सांगितले. आमच्या वंशावळीत आजोबांचे तीन भाऊ आहेत, बहीण नाही. मी शाई घेतली आणि आजोबांच्या शेजारी ते नाव लिहिले.

शेवटचे पुस्तक अण्णाभाऊ साठ्यांचे ‘फकिरा’ (1959). वारणेकाठच्या मांगवाड्यातला हा पुरुष भुकेल्यांसाठी धान्य लुटतो. त्या महिन्यात मला जेवणाच्या ताटाकडे पाहून बोलावेसे वाटेना.

ज्यांना असा नेम धरावासा वाटेल त्यांना माझा अनुभव सांगतो. सुरुवात ‘स्मृतिचित्रां’पासून करावी आणि मागे मागे जावे, म्हणजे भाषेचा घाट एकदम अंगावर येत नाही. वेळ ठरलेली असावी. जुने गद्य अडले की मोठ्याने वाचावे. शेजारी वही ठेवावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायच्या गोष्टी तीत लिहून ठेवाव्यात. ती माणसे आहेत तोवर.

2025 चा दसरा उजाडला तेव्हा दहाही पुस्तके वाचून झाली होती. बागेतल्या त्या स्नेह्याने आता यादी मागून नेली आहे. माझी पुढची यादी एकनाथी भागवतापासून सुरू होते. ओव्या अठरा हजारांवर आहेत. म्हणजे रोज दीडशेच्या हिशेबाने चार महिने!